जवळची टेकडी बरी

जुलैतला कुठलाही रविवार घ्या. सकाळी नऊलाच लोणावळ्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली असते, दुपारी माळशेज घाटात धबधब्यापेक्षा हॉर्नचा आवाज मोठा असतो आणि रात्री परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरची मुलं उलट्या करून थकून झोपलेली असतात. सोमवारी ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "निसर्गात जाऊन आलो, एकदम फ्रेश!" प्रत्यक्षात दिवसभर पाय क्लचवर होता आणि निसर्ग वाट्याला आला तो अर्धा-पाऊण तास, तोही मक्याचं कणीस खाणाऱ्या गर्दीच्या खांद्यांवरून. याच माणसाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर टेकडी असते, तळं असतं, निदान चार मोठी झाडं असलेली एखादी बाग तरी असते. तिकडे तो वर्षानुवर्षं फिरकत नाही.

झाडापानांत राहिल्याने माणसाला बरं वाटतं, ही बातमी जुनीच आहे. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलेलं नव्हतं तेव्हा डॉक्टर रुग्णाला हवापालटासाठी डोंगरावर धाडत. पाचगणीचं बेल-एअर आरोग्यधाम १९१२ साली उभं राहिलं ते त्यासाठीच. नवं आहे ते मोजमाप. किती वेळ, किती वेळा आणि कशा रीतीने, हे गेल्या चाळीसेक वर्षांत संशोधकांनी मोजायला घेतलं. त्यातून हाती आलेलं उत्तर सहल कंपन्यांना फारसं सोयीचं नाही. किती लांब गेलात याला फार महत्त्व नाही. किती वेळा गेलात आणि तिथे काय केलंत, याला आहे.

मात्रा किती?

इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्‌स' या नियतकालिकात आला. बागा, रानं, समुद्रकिनारे अशा ठिकाणी आठवड्यात मिळून दोन तास किंवा त्याहून जास्त वेळ काढणारे लोक, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा, आपली तब्येत चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असं जास्त प्रमाणात सांगत होते. दोन तासांच्या आत असणाऱ्यांमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही. साडेतीन ते पाच तासांच्या पुढे फायदा वाढतही गेला नाही. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हे दोन तास एका दमात काढले की तुकड्या-तुकड्यांनी, याने काही बिघडत नव्हतं. वयस्कर आणि जुनाट आजार असलेल्या लोकांतही चित्र तेच होतं.

अशा पाहण्यांत एक मेख असते. मुळात धडधाकट असलेला माणूसच जास्त बाहेर पडतो. मग बाहेर पडल्याने तो धडधाकट झाला, असं कसं म्हणायचं? अभ्यासकांनी वय, उत्पन्न, व्यायाम यांचा हिशेब वेगळा काढला असला तरी शंका पूर्ण फिटत नाही. त्यामुळे दोन तासांना लक्ष्मणरेषा मानू नये. पण सुरुवात करणाऱ्याला एक आकडा लागतो, आणि आठवड्यातले सहा दिवस रोज २० मिनिटं म्हणजे बरोबर दोन तास होतात.

या २० मिनिटांना आणखी एक आधार आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात ३६ शहरी लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान तीनदा, झाडांच्या सान्निध्यात बसायला किंवा चालायला सांगितलं गेलं. जाण्याआधी आणि आल्यावर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजलं. ते सर्वांत झपाट्याने उतरलं २० ते ३० मिनिटांच्या टप्प्यात. त्यापुढेही उतरत राहिलं, पण सावकाश. प्रयोग लहान होता, मात्र त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत: फोन नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत आणि दमवणारा व्यायामही नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही टेकडीवर सकाळी सातला गेलं तर हे चारही नियम मोडणारे लोक चढणीच्या पहिल्या वळणावरच भेटतात. कुणी बिल्डरशी फोनवर भांडत असतं, कुणाच्या खिशातल्या मोबाइलवर अभंग सुरू असतात (शेजारच्याला हवे असोत-नसोत), कुणी मनगटावरच्या घड्याळातल्या दहा हजार पावलांच्या मागे लागलेलं असतं. झपाझप चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलंच आहे, ते सोडायचं मुळीच कारण नाही. पण मनाची विश्रांती हे वेगळं काम आहे. व्यायाम उरकल्यावर माथ्यावर किंवा बागेतल्या बाकावर वेगळी २० मिनिटं काढावीत आणि त्या वेळात काहीही 'करू' नये.

डोक्याला नेमकं काय होतं?

मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅपलन या दांपत्याने याचं एक स्पष्टीकरण मांडलं आहे. हिशेब तपासताना, गर्दीत गाडी चालवताना, मुलाला गणित शिकवताना आपण लक्ष मुद्दाम ओढून धरतो. बाकीचं सगळं दूर ढकलण्यात शक्ती जाते आणि संध्याकाळपर्यंत ती संपते; मग एरवी शांत असणारा माणूस चहात साखर कमी पडली म्हणून खेकसतो. हलणारी पानं, पाण्यावरचे तरंग, ढग यांच्याकडे लक्ष जातं ते आपोआप, न ओढता. तेवढ्या वेळात ओढून धरणाऱ्या यंत्रणेला सुट्टी मिळते. टीव्ही आणि रील्सही लक्ष आपोआप घेतात, पण ते घट्ट पकडून ठेवतात. मनात दुसरं काही यायला जागाच उरत नाही. झाडाकडे बघताना ती उरते.

याची परीक्षाही झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आकडे ऐकवून ते उलट क्रमाने म्हणायला लावलं, मग एकदा वृक्षोद्यानात आणि एकदा शहरातल्या रस्त्यावर पाऊण-एक तास चालवून पुन्हा तीच चाचणी घेतली. वृक्षोद्यानातून आल्यावर आकड्यांची आठवण सुधारली, रस्त्यावरून आल्यावर जवळपास तशीच राहिली. यातला मजेशीर भाग म्हणजे मिशिगनच्या कडाक्याच्या जानेवारीत चाललेल्यांना फिरण्यात काडीचाही आनंद मिळाला नव्हता, तरी फायदा तेवढाच झाला. तेव्हा 'आज मूड नाही' ही सबब इथे चालत नाही.

मनात तेच-ते उगाळत बसण्याची सवय असलेल्यांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातला २०१५ चा प्रयोग महत्त्वाचा आहे. निम्म्या लोकांना दीड तास गवताळ, झाडांच्या परिसरात चालवलं, उरलेल्यांना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून आलेल्यांनी उगाळणं कमी झाल्याचं सांगितलं आणि मेंदूच्या चित्रणात त्याच्याशी जोडलेल्या भागाची हालचालही मंदावलेली दिसली. यावरून नैराश्यावर टेकडी हेच औषध, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. समुपदेशन आणि औषधं यांच्या जोडीला हे करावं.

जपानच्या 'वनस्नाना'बद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण सध्या त्याची पॅकेजं विकली जातात. शिनरिन-योकू हा शब्द १९८२ साली तिथल्या वनखात्याने पुढे आणला, लोकांनी जंगलात यावं म्हणून. पुढे डॉ. किंग ली यांनी जंगलात तीन दिवस राहून आलेल्यांच्या रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी वाढल्याचं दाखवलं. हे प्रयोग दहा-बारा माणसांवरचे होते. त्यांच्या भरवशावर कॅन्सर बरा करण्याची आश्वासनं देणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेलं बरं. मंद चालणं, थांबणं, वास घेणं, खोडाला हात लावणं हा त्यातला भाग उत्तम आहे आणि त्याला फी पडत नाही.

चष्मा, दव आणि ऊन

पहाटे दव पडलेल्या गवतावर अनवाणी चाललं की चष्मा जातो, असं घरोघरी सांगतात. लागलेला नंबर दवाने उतरत नाही. पण सांगणाऱ्या आजीने नकळत एक बरोबर गोष्ट केली होती: मुलाला घराबाहेर काढलं होतं.

मुलांच्या डोळ्यांबाबतचा पुरावा या सगळ्या विषयात बहुधा सर्वांत भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात १२ शाळा निवडून त्यांतल्या निम्म्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी मैदानावर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना दूरचं कमी दिसायला लागलं होतं. नेहमीप्रमाणे वर्गात बसणाऱ्यांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीम तैवानने २०१० पासून शाळांमधून चालवली आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला तिथला आलेख प्रथमच खाली वळला.

कारण मुख्यतः उजेडाचं आहे. दिवा लावलेल्या वर्गात ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजार लक्स आणि उघड्यावर लाखापर्यंत जातो. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि बुबुळामागचा गोळा लांबट होण्याची गती कमी होते. त्यामुळे मुलांनी उन्हात रापलंच पाहिजे असं नाही. टोपी घालून, सावलीत खेळले तरी चालतं. नंबर लागण्याआधीची वर्षं, साधारण बालवाडी ते चौथी-पाचवी, सगळ्यात महत्त्वाची. नेमकी याच वयात मुलं शाळेतून थेट क्लासला आणि क्लासमधून थेट लिफ्टमध्ये जातात. पालकांनी निदान एक क्लास कमी करून ती वेळ सोसायटीच्या आवारात किंवा जवळच्या मैदानावर द्यावी. शाळेच्या पालकसभेत मधली सुट्टी वर्गाबाहेर काढण्याचा आग्रह धरला तर एकाच वेळी शंभर मुलांचं भलं होतं.

आणि दवाचं म्हणाल तर, मधुमेह असलेल्यांनी अनवाणी अजिबात चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर रुतलेला काटा दोन दिवसांनी जखम चिघळल्यावरच कळतो.

ड जीवनसत्त्वाबाबतही असाच एक समज रूढ आहे. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसून ते मिळतं, असं सांगितलं जातं. त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना जमिनीपर्यंत फारसे पोचतच नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान, तेव्हा हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ काढावा. काचेमागे बसून उपयोग नाही, कारण ते किरण काच अडवते. सावळ्या कांतीला वेळ जास्त लागतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भात आणि मराठवाड्यात मात्र हा सल्ला बाजूला ठेवावा. ऊन लागून आजारी पडण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून गोळी घेणं शहाणपणाचं.

मग कोवळं ऊन वाया गेलं का? नाही, त्याचा उपयोग झोपेसाठी होतो. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो. २०१३ च्या एका प्रयोगात आठ जणांना कोलोरॅडोच्या डोंगरात आठवडाभर तंबूत ठेवलं. विजेचे दिवे नाहीत, मोबाइल नाही, रात्री फक्त शेकोटी. आठवड्याअखेर त्यांच्या शरीरात झोप आणणारं मेलाटोनिन सुमारे दोन तास आधी स्रवू लागलं होतं. रात्री एक-दीडपर्यंत डोळा लागत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी झोपेच्या गोळीआधी १५ दिवस सकाळी अर्धा तास उघड्यावर चहा पिऊन पाहावा.

जायचं कुठे?

पुणेकरांना हा प्रश्न पडूच नये. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती अशी चैन शहराच्या पोटात क्वचितच कुठे असेल. मुंबई आणि ठाण्याच्या हद्दीत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, पण दादर-माहीमच्या माणसाला रोज बोरिवली गाठता येत नाही. त्याच्यासाठी धारावीला लागून, एकेकाळच्या कचराभूमीवर उभं केलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. भायखळ्याकडच्यांना राणीची बाग आहे आणि तिथे पेंग्विन सोडून झाडं बघायलाही जाता येतं. नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान, नागपूरला सेमिनरी हिल्स आणि अंबाझरी, छत्रपती संभाजीनगरला हिमायत बाग, साताऱ्याला अजिंक्यतारा, कोल्हापूरला रंकाळा, रत्नागिरीला भाट्याची सुरूची बनं. तालुक्याच्या गावी हे काहीच नसलं तरी कॉलेजचं आवार, नदीकाठचं देऊळ किंवा कालव्याची वाट असतेच. कोकणात आणि घाटमाथ्यावर अजून देवरायाही टिकून आहेत. तिथे जाताना गावचे नियम विचारून घ्यावेत. काटकीसुद्धा उचलू नये, असा दंडक बहुतेक ठिकाणी आहे आणि म्हणूनच ती राई शिल्लक आहे.

दिवसभर कांदे काढणाऱ्या किंवा भाताच्या चिखलात उभ्या असणाऱ्या बाईला हा लेख वाचून दाखवण्याची गरज नाही. तिला सावलीतली विश्रांती हवी, आणखी ऊन नको. निसर्गापासून तुटणं हा शहरी, बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे.

शहरातही हिरवळ सगळ्यांना सारखी मिळत नाही. पालिकेच्या कितीतरी बागा दुपारी बंद असतात. स्वयंपाक, मुलांचा डबा आटोपून गृहिणींना नेमकी तीच वेळ मोकळी असते. टेकडीच्या आडवाटांवर एकट्या बाईला निर्धास्त वाटत नाही, हेही खरं. चार-पाच जणींनी मिळून वेळ ठरवावी, वहिवाटीची वाट धरावी, अंधार पडायच्या आत उतरावं. गप्पा मारू नयेत हा वर सांगितलेला नियम अशा वेळी खुशाल मोडावा. मैत्रिणींसोबत हसतखेळत घालवलेला तास तब्येतीला काही वाईट नाही.

बाहेर पडता येत नसेल तर

गुडघे धरलेले, पक्षाघात झालेले, चौथ्या मजल्यावर लिफ्टविना अडकलेले लोक प्रत्येक इमारतीत असतात. त्यांच्यासाठी रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास सांगायला हवा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडं पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि परिचारिकांच्या टिपणांत त्यांच्या कुरकुरीही कमी होत्या.

अर्ध्या-पाऊण दिवसाचा फरक लहान वाटेल, पण त्यासाठी खर्च शून्य होता. घरी आजारी माणसाची कॉट बहुधा टीव्हीच्या दिशेने लावलेली असते. ती फिरवून खिडकीकडे करावी, पडदा बांधून ठेवावा, समोर शेजारच्यांची टाकी दिसत असेल तर कठड्यावर चार कुंड्या ठेवाव्यात. पाणी घालण्याचं, पिवळी पानं खुडण्याचं काम आजोबांकडे द्यावं. हाताला माती लागते, बोटांची हालचाल होते आणि कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे ही भावनाही राहते. मेथी-कोथिंबीर पेरावी, आठवडाभरात कोंब वर येतात, त्यामुळे वाट पाहून कंटाळा येत नाही. गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं की चिमण्या, बुलबुल येतात. पाणी रोज बदलावं, नाहीतर डासांची सोय होते.

नर्सरीत मात्र एका दाव्यापासून सावध राहावं. स्नेक प्लँट किंवा मनी प्लँट ठेवला की घरातली हवा शुद्ध होते, असं सांगून रोपं महाग विकली जातात. याचं मूळ नासाच्या १९८९ च्या, बंद पेटीतल्या प्रयोगात आहे. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा, कदाचित शेकडो कुंड्या लागतील, असं २०१९ च्या फेरतपासणीत निघालं. खिडकी उघडणं त्यापेक्षा सोपं. तसंच पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो, हेही खरं नाही. उजेडाशिवाय कुठलंच झाड तो तयार करत नाही. रोप आवडतं म्हणून ठेवावं, तेवढं कारण पुरे.

पाहायचं काय?

नुसतं बसायला सांगितलं की पहिल्या दिवशी पाच मिनिटांत हात खिशाकडे जातो. त्यावर उपाय म्हणजे कान उघडे ठेवणं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने सुमारे १३०० लोकांना मोबाइल अ‍ॅपवरून दिवसातून अनेकदा विचारलं, आत्ता पक्षी दिसतोय-ऐकू येतोय का आणि मन कसं आहे? पक्षी भेटला की मन सुधारलेलं असे आणि तो परिणाम काही तास टिके, नैराश्य असलेल्यांतही. २०२२ चा हा अभ्यास आहे. दुर्बिणीची गरज नाही. भर उन्हात कुठेतरी ठोका पडल्यासारखा टुक-टुक करणारा तांबट, पहाटे तारेवर बसून शीळ घालणारा दयाळ, कुंपणात घुमणारा भारद्वाज, आपल्या इवल्या देहाच्या मानाने केवढ्यातरी मोठ्याने ओरडणारा शिंपी, एवढे चार आवाज ओळखू आले तरी नेहमीचा रस्ता वेगळा वाटू लागतो. पुण्याच्या झाडांवर राखी धनेशही येतो. आवाज ओळखायला 'मर्लिन' हे मोफत अ‍ॅप मदत करतं, पण ते घरी आल्यावर उघडावं.

दुसरा उपाय, वाटेवरचं एक झाड निवडून वर्षभर त्याच्यावर नजर ठेवणं. पळस आणि काटेसावर माघ-फाल्गुनात निष्पर्ण होऊन फुलतात, कुसुमाची कोवळी पालवी फुलांहून लाल असते, वैशाखात बहावा पिवळा आणि ताम्हण जांभळा होतो. महिन्यातून एकदा एकाच जागेवरून फोटो काढावा आणि दोन ओळी लिहाव्यात. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' जवळ असेल तर त्या-त्या महिन्याचं प्रकरण वाचून बाहेर पडावं. कुठली टेकडी निवडायची असेल तर मिश्र झाडांची निवडावी. एकाच जातीची, विशेषतः गिरिपुष्पाची लागवड केलेल्या उतारांवर पक्षी आणि किडे कमी भेटतात.

जपायचं काय?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला फिरायला निघण्याचं व्रत शहरात तरी मोडावं. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन बसते, धूर आणि धूळ वर जात नाही. ऊन वर आल्यावर ती हलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक पाहावा; तो २०० च्या वर असेल तर दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी बाहेर श्रम करू नयेत. गाजरगवताने अंगावर खाज उठणाऱ्यांनी आणि दमा बळावणाऱ्यांनी त्याच्या फुलोऱ्यात मोकळ्या माळावर जाणं टाळावं.

किल्ल्यांवर आणि लेण्यांत आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तिथे अत्तर, धूर, दगड आणि आरडाओरडा या चारही गोष्टी वर्ज्य. माश्या उठल्याच तर तोंड झाकून तिथून लांब पळावं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत गोचिडांमधून माकडतापाची लागण होते. तिथल्या रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने अंघोळ करावी, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं. साप चावला तर आवळून बांधू नये, चिरा देऊ नये. हात-पाय स्थिर ठेवून, १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावं.

पावसाळ्यातल्या पाण्याचं काय होतं, हे जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागे सगळ्यांनी पाहिलं. एकाच कुटुंबातली पाच माणसं पाहता पाहता वाहून गेली. वर डोंगरात झालेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. धबधबा काठावरून पाहावा.

झाडावर नोटीस लागली तर

स्कॉटलंडमध्ये शेटलँड बेटांवरचे डॉक्टर २०१८ पासून रक्तदाबाच्या आणि चिंतेच्या रुग्णांना समुद्रकिनारी फिरण्याचं, पक्षी पाहण्याचं लेखी प्रिस्क्रिप्शन देतात. कॅनडात २०२० पासून अशीच योजना आहे आणि त्यातल्या काही रुग्णांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही मिळतो. आपल्याकडच्या डॉक्टरांनी 'रोज वीस मिनिटं, अमुक बागेत' असं कागदावर लिहून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तोंडी सल्ल्यापेक्षा चिठ्ठीवरचं अक्षर आपण जास्त मानतो.

पण ती बाग जागेवर हवी. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायद्यानुसार शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्याआधी झाडावर व वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. नोटीस दिसली की तिचा फोटो काढावा आणि दिलेल्या मुदतीत उद्यान विभागाकडे लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. अर्जात 'झाडे वाचवा' असं मोघम लिहून भागत नाही. झाडाची जात, छातीच्या उंचीवर मोजलेला खोडाचा घेर, त्यावरची घरटी, ढोल्या, तोडण्याऐवजी फांद्या छाटून किंवा रस्त्याची आखणी थोडी सरकवून काम होईल का, हे मुद्देसूद मांडावं आणि तारखेसह फोटो जोडावेत. बागेच्या वेळांसाठीही हाच मार्ग आहे: दुपारी फाटक उघडं ठेवण्याची मागणी २५-३० सह्यांनिशी क्षेत्रीय कार्यालयात द्यावी आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नये.